बाबांचं घोरणं: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम ठरलं. बाबांच्या घोरण्याची रात्रभर नोंद ठेवायची. किती वेळ घोरतात, किती वाजता, कोणत्या कुशीवर, आणि त्या वेळी नाडी नि ऑक्सिजन किती असतं. आईच्या मते वर्षभरात आवाज वाढलाय आणि मधूनच श्वास अडकल्यासारखा होऊन ते दचकतात. बाबांच्या मते आईचीच झोप फार सावध. कोण बरोबर ते ठरवायचं नाहीये, पण डॉक्टरांकडे जायचं तर हातात काहीतरी असावं.

बाबांच्या मनगटावर एक तयार फिटनेस बँड आहेच. पावलं, नाडी, झोप, ऑक्सिजन सगळं दाखवतो. अ‍ॅपमध्ये 'घोरणं' असाही एक रकाना आहे. सुरुवात तिथूनच.

९ जानेवारी

त्या रकान्यामागे काय आहे ते पाहिलं. बँडला माइकच नाही. अ‍ॅप फोनचा माइक वापरतं, म्हणूनच फोन चार्जिंगला लावून उशाशी ठेवा असं सांगतं. म्हणजे ऐकतो तो फोन. बँड फक्त 'झोप लागली' एवढा निरोप देतो.

इतरांचं काय चाललंय तेही बघून घेतलं. सॅमसंगच्या घड्याळांत रचना हीच, ऐकायचं काम फोनकडे. फिटबिटच्या सेन्स आणि व्हर्सा ३ मध्ये माइक घड्याळातच आहे. ते झोपेच्या किती टक्के वेळ घोरलात ते मोजतं: १० टक्क्यांच्या आत सौम्य, ४० च्या वर वारंवार. अ‍ॅपल वॉचमध्ये २०२४ साली आलेला, झोपेत श्वास थांबतो का ते सांगणारा, स्लीप अ‍ॅप्नियाचा इशारा आवाजाकडे बघतच नाही. मनगटाच्या बारीक हालचालींवरून श्वासातले अडथळे ओळखतो आणि ३० दिवसांचा हिशेब लावतो. सॅमसंगचं अ‍ॅप्नियाचं फीचर त्याच वर्षीचं, तेही घोरण्यावर अवलंबून नाही. दोन्हींना अमेरिकेच्या एफडीएची (औषधं नि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी संस्था) परवानगी घ्यावी लागली. अ‍ॅप्नियाचा इशारा हे वैद्यकीय काम, घोरण्याची मिनिटं मोजणं हे नुसतं आरोग्याच्या हौसेचं. ही वाटणी लक्षात ठेवायला हवी.

माइक नसलेल्या बँडला घोरण्याची थरथर तरी जाणवेल का? गणित सरळ आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते आणि श्वासाच्या झोताने मऊ टाळू, पडजीभ, कधी जिभेचं मूळ फडफडतं. या आवाजाची बहुतेक ऊर्जा ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) खाली, टाळूचं घोरणं तर शंभर-दीडशेच्या आसपास. अ‍ॅक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) सेकंदाला ५० नमुने घेत असेल तर त्याला २५ हर्ट्झच्या वरचं काही कळणार नाही, नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं पकडता येतात, हा नायक्विस्टचा नियमच आहे. शिवाय घशापासून मनगटापर्यंत थरथर पोचणार तरी किती! श्वासाची हालचाल मात्र मिनिटाला १२ ते २० वेळा, म्हणजे हर्ट्झच्या पाव भागाच्या आसपास. ती पकडता येते.

१२ जानेवारी

तयार बँडची आकडेवारी उतरवून घेतली. 'एकूण घोरणं ४२ मिनिटं', बस्स. कुठली ४२ मिनिटं ते नाही. ऑक्सिजन बऱ्याच मिनिटांनी एकदा, तोही सरासरी काढून. नाडीचा आलेख इतका गुळगुळीत की काही सेकंदांचा चढ-उतार त्यात दिसायची सोय नाही. मूळ नमुने बाहेर काढायला वाट नाही.

हा बँड हातावर आहे तसा राहू दे. रात्रीच्या नोंदीसाठी आपली जुळणी.

१५ जानेवारी

बँगल.जेएस २ नावाचं घड्याळ घेतलं. घड्याळावर जावास्क्रिप्ट लिहिता येतं, अ‍ॅक्सेलरोमीटरचे मूळ नमुने मिळतात, आत ८ एमबी जागा आहे. माइक नाही, तो तसाही फोनचाच वापरायचाय.

जागेचा हिशेब. घड्याळ नेहमी दर ८० मिलिसेकंदांनी नमुना घेतं, म्हणजे सेकंदाला साडेबारा. तीन अक्ष, प्रत्येकी दोन बाइट, सेकंदाला ७५ बाइट. आठ तासांचे २.१६ एमबी. आरामात बसतं. फक्त कूस ओळखायची असती तर सेकंदाला एक नमुना पुरला असता आणि सगळी रात्र १७३ केबीत मावली असती, पण मला श्वासाची लाटही हवी आहे.

कोणाला असं काही करायचं असेल तर एक गोष्ट आधीच बघावी. मिनिटभर हालचाल झाली नाही की बॅटरी वाचवण्यासाठी घड्याळ आपला वेग दहापट कमी करतं, ८० चे ८०० मिलिसेकंद. दिवसा हे शहाणपणाचं आहे. झोपलेला माणूस मात्र बहुतेक वेळ हलतच नाही, म्हणजे नेमक्या हव्या त्या वेळी नमुने विरळ होतात. सेटिंगमध्ये पॉवरसेव्ह बंद करून टाकलं. बॅटरीला एका रात्रीचं काहीच वाटत नाही.

१८ जानेवारी

आज आवाजाची बाजू.

फोनचा माइक हा बोलण्यासाठी बनवलेला असतो. सॉफ्टवेअर त्यातली 'खरखर' स्वतःहून काढतं आणि बारीक आवाज आपोआप मोठा करतं. घोरणं फोनच्या दृष्टीने खरखरच. त्यामुळे साध्या रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये घोरण्याची सुरुवात जोरात येते आणि मग फोन ते दाबत नेतो. शांततेत उलट, पंख्याचा आवाज फुगत जातो. असल्या रेकॉर्डिंगवरून आवाज वाढला की कमी झाला, काही सांगता येत नाही. अँड्रॉइड ७ पासून 'अनप्रोसेस्ड' नावाचा आवाजाचा स्रोत मिळतो, त्यात ही ढवळाढवळ नसते. तो वापरणारं छोटं अ‍ॅप लिहिलं.

नमुने सेकंदाला ८,०००. घोरण्यासाठी हे भरपूर. आठ तासांची फाइल ४६० एमबी.

डेसिबलच्या आकड्याबद्दल. फोनचा माइक प्रमाणित केलेला नसतो, म्हणून '६८ डेसिबल' वगैरे लिहिण्यात अर्थ नाही. मी खोलीच्या शांत पातळीपेक्षा किती वर, एवढंच लिहिणार आहे. फोनची जागा रोज तीच हवी. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलच्या आसपास उतरतो, आणि उद्या तोच 'सुधारणा' म्हणून मिरवेल.

आईची अट: खोलीतलं बोलणं साठवायचं नाही. रास्त आहे. मूळ फाइल दुसऱ्या दिवशी दुपारी पुसली जाते. राहतात ते प्रत्येक दशांश सेकंदाचे दोन आकडे, खालच्या पट्टीतली (जाड आवाजाची) ऊर्जा आणि वरच्या पट्टीतली (बारीक आवाजाची). त्यातून कोणी शब्द काढू शकत नाही. तपासायला लागतील ते घोरण्याचेच तुकडे वेगळे ठेवायचे, तेही दोघांना ऐकवून.

२२ जानेवारी

नुसत्या आवाजाच्या पातळीवर घोरणं ओळखायला गेलं तर सगळंच घोरणं ठरतं. पंखा, खोकला, रस्त्यावरची गाडी, आईने कूस बदलल्यावर पलंगाचं कुरकुरणं. घोरण्याला वेगळं काढते ती त्याची लय. माणूस श्वासाबरोबर घोरतो, बहुतेक करून श्वास आत घेताना, आणि श्वास दर तीन ते पाच सेकंदांनी येतो. गाडीला अशी लय नाही. पंख्याला लय असली तर ती कितीतरी जलद.

म्हणून असं केलं: खालच्या पट्टीच्या ऊर्जेची वर-खाली होणारी रेघ घ्यायची, त्यातून मागच्या दहा मिनिटांची शांत पातळी वजा करायची, आणि ३० सेकंदांच्या खिडकीत ती रेघ स्वतःवरच थोडी थोडी सरकवून किती जुळते ते पाहायचं. ऑटोकोरिलेशन. अडीच ते सहा सेकंदांच्या सरकवण्यात ठळक उंचवटा आला तर ते घोरणं. पायथनमध्ये जेमतेम पानभर कोड.

काल रात्रीच्या फाइलवर चालवून पाहिलं. १२:४० च्या सुमाराचा तुकडा सुंदर आला. चार सेकंदांच्या अंतराने एकसारखे डोंगर, प्रत्येक डोंगर सव्वा सेकंद रुंद, माथ्यावर बारीक दाते. मोठं करून पाहिलं तर ते दाते म्हणजे टाळूची एकेक फडफड. सेकंदाला शंभराच्या जरा पुढे. बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "हा पंखाच आहे." पंखा बंद असलेल्या रात्रीचा तुकडा लावला. त्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "असं किती वेळ चालतं?"

आईही मधूनमधून हलकं घोरते. तिची लय वेगळी आणि पातळी बरीच खाली. फोन बाबांच्या बाजूला असल्याने उंबरठ्यात येत नाही. तिला हे सांगितलेलं नाही.

२७ जानेवारी

मनगटावरून कूस कळत नाही. रीतसर पाहिलं. स्थिर असताना अ‍ॅक्सेलरोमीटर फक्त गुरुत्वाकर्षण दाखवतो, एकूण एक जी. तो कोणत्या अक्षावर पडतो त्यावरून घड्याळ कसं आहे ते कळतं. पण माणूस उताणा असताना हात पोटावर असेल, डोक्याखाली असेल, पलंगाबाहेर लोंबत असेल. काल अर्धा तास बाबा उताणे होते, हे मी दारातून स्वतः पाहिलं, आणि तेवढ्यात घड्याळाची तबकडी वर, खाली, बाजूला, सगळीकडे फिरून आली.

उपाय: घड्याळ छातीवर. आईने रुंद इलॅस्टिकचा पट्टा शिवला, घड्याळाला खिसा आणि मागे हुक. छातीच्या मधल्या हाडाच्या जरा डावीकडे बसतं. आता उताणे असले की तबकडी छताकडे, उजव्या-डाव्या कुशीवर दुसऱ्या अक्षावर अधिक किंवा उणे, पालथे असले की उलट चिन्ह. काही शंकाच राहत नाही. नाडीचा सेन्सर मात्र इथे बेकार, त्याची वेगळी सोय करावी लागणार.

छातीवर आल्याने एक बोनस मिळाला. श्वासाबरोबर छाती किंचित कलते आणि तेवढ्याने गुरुत्वाकर्षणाचा वाटा अक्षांवर हलतो. एका जीचा हजारावा भाग म्हटला तर असे पाच-दहा भाग. पण गाळून घेतल्यावर लाट स्वच्छ दिसते.

१ फेब्रुवारी

फोन आणि घड्याळ यांची वेळ जुळवणं. दोन्हींच्या घड्याळांत सेकंद-दोन सेकंदांचा फरक असतोच, आणि मला एक श्वास दोन्हीकडे एकाच जागी हवा आहे. सोपा तोडगा: झोपण्याआधी घड्याळाने फोनवर तीन टिचक्या मारायच्या, सकाळी उठल्यावर पुन्हा तीन. आवाजाच्या फाइलमध्ये तीन काटे, हालचालीच्या फाइलमध्येही तीन. ते एकावर एक ठेवले की काम झालं. रात्रभरात सरकणं सेकंदाच्या आतच असतं, दोन टोकं जुळवली की मधलं सरळ रेषेत वाटून टाकायचं.

बाबांनी हे काम मनावर घेतलंय. टिचक्या मारताना "एक, दोन, तीन" मोठ्याने म्हणतात.

४ फेब्रुवारी

आज बराच वेळ एकाच जागी अडकले, पण जे दिसलं त्यासाठी हा सगळा खटाटोप वसूल.

पहाटे ३:१२. उताणे. तीन-चार जोरकस घोर, मग आवाज एकदम बंद. कोडने तिथे 'घोरणं थांबलं' असं नोंदवलं, जे बरोबरच आहे. पण त्याच वेळची छातीची रेघ पाहिली तर ती थांबलेली नाही. लाटा चालूच, उलट एकेक लाट आधीपेक्षा मोठी. चोवीस सेकंद. आतून कडी लागलेलं दार कोणी बाहेरून ओढत राहावं तसं. मग एक मोठा गचका, घोरण्याचा फटका, सगळ्या रात्रीतला सर्वांत मोठा आवाज, चार-पाच श्वास, आणि पुन्हा बंद. हे चक्र ३:३७ पर्यंत. मग ते डाव्या कुशीवर वळले आणि साधं, एकसारखं, हलकं घोरणं सुरू झालं.

म्हणजे श्वास घ्यायची धडपड चालू, वाट मात्र बंद. याला अडथळ्याचा अ‍ॅप्निया म्हणतात. मेंदूकडून हुकूमच येत नाही तो प्रकार वेगळा, त्यात छातीही थांबते. वैद्यकीय व्याख्येत हवेचा प्रवाह किमान ९० टक्के घटून १० सेकंद किंवा जास्त तसाच राहिला तर अ‍ॅप्निया. माझ्याकडे हवेचा प्रवाह मोजायला काही नाही, त्यामुळे नोंदवहीत हा शब्द मी वापरणार नाही. 'आवाज बंद, छाती चालू' एवढंच लिहीन.

मग तयार बँडच्या अ‍ॅपने याच रात्रीबद्दल काय म्हटलंय ते उघडलं. घोरणं कमी, झोपेचे गुण गेल्या आठवड्यापेक्षा जास्त. आणि यात अ‍ॅपचं गणित चुकलेलं नाही! तो घोरण्याची मिनिटं मोजतो. या पंचवीस मिनिटांतला बराच वेळ बाबा घोरत नव्हते, कारण श्वासच जात नव्हता. डाव्या कुशीवरचं निरुपद्रवी घोरणं मात्र मिनिटामिनिटाने मोजलं गेलं. जिथे प्रकरण गंभीर, तिथे मिनिटं कमी भरतात. घोरण्याची टक्केवारी दाखवणाऱ्या कुठल्याही यंत्राचं हे होणारच.

५ फेब्रुवारी

मोजायची गोष्ट बदलली. 'घोरण्याची एकूण मिनिटं' हा रकाना खाली ढकलला. वर आता हे: घोरण्याच्या लयीत १० सेकंद किंवा अधिक खंड, ज्याच्या आधी घोर आहेत, नंतर जोराचा घोर आहे, आणि मधे छातीची लाट चालू आहे. ताशी असे किती, आणि कोणत्या कुशीवर. छाती चालू असण्याची अट नसेल तर जागेपणीची शांतताही यात शिरते.

जुन्या रात्री पुन्हा चालवल्या, छातीवर घड्याळ आल्यापासूनच्या. उताण्या झोपेत खंडांची रांग, कुशीवर अधूनमधून एखादा. पहाटेकडे जास्त. ते बसतं. स्वप्नांची झोप, आरईएम, रात्रीच्या शेवटच्या भागात लांबते आणि त्या झोपेत घशाचे स्नायू सर्वांत सैल असतात.

१० फेब्रुवारी

बोटाचा ऑक्सिमीटर जोडला, सेकंदाला एक नोंद ठेवणारा. मनगटी बँडमध्ये प्रकाश त्वचेवरून परत आलेला मोजतात. बोटात तो लाल आणि अवरक्त प्रकाश आरपार जातो, म्हणून सिग्नल दणकट. तत्त्व एकच, १९७४ मध्ये ताकुओ आओयागी यांनी मांडलेलं: दर ठोक्याला बदलणारा भाग तेवढा घ्यायचा, तो धमनीच्या रक्ताचा. तरी दोनेक टक्क्यांची चूक दोन्हींत असतेच, आणि गडद त्वचेवर ही यंत्रं ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवू शकतात. एफडीएने २०२१ मध्ये तशी सूचनाही काढली होती. म्हणून आकड्यापेक्षा आकार बघायचा.

आकार बोलका आहे. पातळी ९५. खंड सुरू झाला की लगेच काही नाही. खंड संपून घोर सुरू झाल्यावर रेघ खाली यायला लागते, ८७-८८ ला टेकते आणि झपकन वर. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून हा उशीर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल की घोरल्यामुळेच ऑक्सिजन पडतंय. आलेखात ऑक्सिजनची रेघ मी मुद्दाम सरकवलेली नाही, खाली एक ओळ लिहून ठेवली आहे.

नाडीही हलते. खंडात मंदावते, गचक्याला १५-२० ने उडी मारते, पुन्हा खाली. क्रिस्तियाँ गियेमिनो आणि सहकाऱ्यांनी नाडीच्या या चक्राचं वर्णन १९८४ मध्येच केलं होतं. तयार बँडच्या आलेखात नेमकं हेच पुसलं जात होतं.

आता थांबायचं आणि अपॉइंटमेंट घ्यायची. उंबरठे घासत बसण्यात मजा येते, पण आठवडे जातात.

१७ फेब्रुवारी

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन आलो. मी चार रंगांचा आलेख छापून नेला होता. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आधी आवाज ऐकवा." ३:१२ चा चाळीस सेकंदांचा तुकडा लावला. पूर्ण ऐकला, पुन्हा लावायला सांगितला. मग आलेखातली फक्त कुशीची पट्टी पाहिली.

नंतर प्रश्न. स्टॉप-बँग नावाची आठ हो-नाहींची यादी: मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का, रक्तदाब, वजन, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष. बाबांची मान ४२ भरली, रक्तदाबाची गोळी चालू आहेच. पाच 'हो' म्हणजे जोखीम जास्त, बाबांचे त्याहून अधिक. मग एपवर्थची दिवसाच्या झोपाळूपणाची मोजणी, आठ प्रसंग, २४ पैकी गुण, १० च्या वर गेले तर दखल घ्यायची. बाबांनी भरले ७. डॉक्टरांनी तोच कागद आईला, बाबांबद्दल म्हणून, भरायला दिला. १४.

बाबा म्हणाले, "वर्तमानपत्र वाचताना डोळे मिटणं ही झोप नाही."

डॉक्टर म्हणाले, "अहो, चौथा प्रश्न वाचा, गाडीत बसल्यावरचा. तुम्ही गाडी चालवता ना?" त्यानंतर बाबा फारसे बोलले नाहीत. चाचणी होऊन औषधोपचार ठरेपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग बंद.

घरी करायची झोपेची चाचणी लिहून दिली.

२४ फेब्रुवारी

चाचणीचं यंत्र आलं: नाकाशी हवेचा दाब मोजणारी नळी, छातीला एक आणि पोटाला एक पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. आमचं घड्याळ त्यांच्या पट्ट्याला धक्का लागणार नाही असं वर सरकवून बांधलं, डॉक्टरांना विचारून. फोन नेहमीच्या जागी. तीन टिचक्या झाल्या. बाबा इतक्या वायरी बघून म्हणाले की आता झोपच लागणार नाही, आणि दहा मिनिटांत घोरायला लागले.

३ मार्च

अहवाल. एएचआय २४, म्हणजे ताशी २४ वेळा श्वास थांबला किंवा घटला. ५ पर्यंत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. म्हणजे मध्यम. उताणे असताना ३८, कुशीवर ९. दुप्पट किंवा त्याहून जास्त फरक असेल तर शरीरस्थितीशी निगडित म्हणतात. ऑक्सिजनची सर्वांत खालची नोंद ८२.

त्याच रात्रीचा आमचा आकडा ताशी १३. निम्म्याच्या आसपास. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. एएचआयमध्ये पूर्ण बंद पडलेले श्वास असतात तसे निम्मे-शिम्मे घटलेलेही असतात, ज्यांना हायपॉप्निया म्हणतात. प्रवाह ३० टक्क्यांहून जास्त घटतो, ऑक्सिजन तीनेक टक्के पडतं, पण घोरणं चालूच राहतं. त्यात शांतता नाहीच, म्हणून फोनला ते ऐकू येत नाही. अहवालातल्या पूर्ण अ‍ॅप्नियांशी आमचे खंड ताडून पाहिले, बहुतेक जागच्या जागी सापडले. कुशीची पट्टी तर त्यांच्या पट्टीशी तंतोतंत.

याचा अर्थ मला असा लागतो: घरची जुळणी 'काहीतरी आहे' हे नक्की सांगते, 'किती आहे' हे कमी करून सांगते. तिने शून्य दाखवलं असतं तरी मी चाचणी टाळली नसती.

अजून एक. घरच्या चाचणीत भागाकार यंत्र चालू असलेल्या तासांनी होतो, प्रत्यक्ष झोपेच्या नाही, कारण डोक्याला इलेक्ट्रोड नसतात. जागेपणीचे तास त्यात मिसळले की खरा आकडा याहून वरच असणार. डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

१४ मार्च

सीपॅप सुरू होऊन आठवडा उलटला. मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवायची. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा वापरलेला उपाय, अजूनही पहिल्या पसंतीचा. बाबांचं यंत्र गरजेप्रमाणे दाब स्वतःच बदलतं, ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका.

पहिल्या रात्री त्यांनी दोन वाजता मुखवटा काढून ठेवला. आमच्या नोंदीत ती वेळ मिनिटावर सापडते, कारण २:०३ ला घोरणं परत आलं. दुसऱ्या आठवड्यात पहाटेपर्यंत टिकायला लागला. नाकाला उशी लागते तो छोटा मुखवटा त्यांना जास्त सोसतो.

उताणे झाले की घड्याळाने छातीवर हलकी थरथर द्यायची, असं फीचर अर्धं लिहून झालं होतं. डॉक्टर म्हणाले, कुशीवरचा ९ सुद्धा सामान्य नाही, तेव्हा आधी सीपॅपची सवय होऊ दे. दोन्ही एकदम सुरू केलं तर झोप कशाने मोडतेय तेही कळणार नाही. कोड बाजूला ठेवला.

२३ मार्च

नवीन गोंधळ: घोरणं जवळपास संपलं तरी कोड पहाटे 'घोरणं' दाखवतोय. तुकडा ऐकला, मुखवट्याच्या कडेने हवा निसटतेय. बाबांच्या श्वासाबरोबर ती फुसफुस कमी-जास्त होते, म्हणजे लय तीच चार सेकंदांची, आणि ऑटोकोरिलेशन फसतं. पट्टी मात्र वेगळी. घोरणं ५०० हर्ट्झच्या खाली, ही फुसफुस २,००० च्या वर. दोन्ही पट्ट्यांची ऊर्जा साठवत आलोच आहोत, त्यांचं गुणोत्तर काढलं आणि दोन ढीग वेगळे पडले. आता रकान्याचं नाव 'गळती'.

ही गळती बहुतेक उजव्या कुशीवर. उशी त्या बाजूने मुखवटा ढकलते. उशीची कड दुमडून बघायची आहे.

२९ मार्च

सीपॅपचं कार्ड ऑस्करमध्ये उघडलं. हे मुक्त सॉफ्टवेअर रात्रभराचा दाब, गळती, उरलेले अडथळे सगळं सेकंदवार दाखवतं. म्हणजे फोनच्या माइकचं बरंचसं काम आता यंत्रच करतंय. त्याला फक्त कूस कळत नाही आणि ती आमच्याकडे आहे. दोन्ही फाइली एका वेळेवर आणल्या: बाबा उताणे झाले की दाब ७ वरून ११ च्या पुढे चढतो, कुशीवर आले की हळूहळू उतरतो.

फोनचं रेकॉर्डिंग आजपासून बंद. छातीचं घड्याळ आणि टिचक्या चालू, पण टिचक्या आता फोनऐवजी कशावर मारायच्या ते ठरवायचंय. मुखवट्याच्या नळीवर टिचकी मारली तर दाबाच्या रेघेत काटा उमटतो का, उद्या बघते. पुढच्या भेटीसाठी दाब आणि कूस यांचा एकच आलेख, एका रंगात, एका पानावर. डॉक्टर बाकीचं बघत नाहीत.